फाइल हलण्याआधी वही

निवृत्त होईपर्यंत मी पर्यावरण शिकवलं. पालघर तालुक्यातलं एक कनिष्ठ महाविद्यालय, अकरावी-बारावीचे वर्ग. पर्यावरणाचं शिक्षण सर्व पातळ्यांवर सक्तीचं करावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितलं आणि यथावकाश आमचा विषय आला. पण ज्या विषयाच्या गुणांनी कुणाचा प्रवेश अडत नाही, त्याला वर्गात काय किंमत असते हे शिक्षकांना सांगायला नको. जर्नल एक जण लिहितो, बाकीचे उतरवून काढतात. या दुर्लक्षाचा एक फायदा मात्र झाला. आमच्या तासाला नेमकं काय चाललंय, याची चौकशी करायला कुणाला वेळ नव्हता. मी पोरांना घेऊन बाहेर पडायला लागले.

वर्गही असा मिळाला की तसा दुसरीकडे मिळणं अवघड. एका बाकावर नवापूर-मुरब्याच्या मच्छीमार मांगेला घरातला मुलगा. शेजारी मनोरकडच्या पाड्यावरून एसटीने येणारी वारली मुलगी. मागे तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतली पोरं. आणि बोईसरच्या चाळीत राहणारा, वडील एमआयडीसीत कंत्राटी कामावर असलेला उत्तर प्रदेशचा मुलगा. समुद्र, डोंगर, अणुभट्टी आणि रसायनांचे कारखाने एका हजेरीपटावर. त्या वर्गांनी मला जे शिकवलं, ते आता तरुण शिक्षकांसाठी लिहून ठेवते आहे.

१. आधी पंचांग, मग वेळापत्रक

समुद्रकिनारा दाखवायचा तर पाणी ओसरलेलं हवं. पाणी कधी ओसरेल हे आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना घड्याळाविना कळतं. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. तृतीयेला तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमाराला भरती. त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी ओहोटी, म्हणजे सकाळी आठच्या आसपास. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण सहल ठरवायला तेवढं पुरतं. पाऊणकी पाठ असलेली पिढी हा हिशेब बोलता बोलता करायची.

या हिशेबातून एक गोष्ट ध्यानात येते. पाणी सगळ्यात खोलवर ओसरतं ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, आणि त्या दिवसांत आपल्याकडे ओहोटी येते पहाटे आणि तिन्हीसांजेला. भर दुपारी ओहोटी असते ती अष्टमीच्या आसपास, पण तेव्हा भांग असते, पाणी फारसं हलतच नाही. थोडक्यात, अकरा ते पाच या वेळात चांगली ओहोटी सापडणं जवळजवळ अशक्य. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर शिकणाऱ्या मुलांनी उघडे पडलेले खडक शाळेबरोबर कधी पाहिलेले नसतात, त्याचं हे साधं कारण आहे.

म्हणून द्वितीया ते चतुर्थी, शुद्ध किंवा वद्य, सकाळी लवकर निघायचं. चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यातल्या खडकांवर तेव्हा जीवांचे थर दिसतात. वरच्या अंगाला उन्हाचे तास सोसणारे, खडकाला घट्ट चिकटलेले बारीक कवचवाले. त्याखाली कालवं. आणखी खाली, डबक्यात पाणी टिकतं तिथे समुद्रफुलं, खेकडे, शंखात बिऱ्हाड केलेले जीव. कोण किती वेळ पाण्याविना जगू शकतो, त्यावर त्याची जागा ठरते. पाठ्यपुस्तकात हे अर्ध्या पानात येतं. इथे गुडघे वाकवले की कळतं.

२. पाच जागा एकदा पाहण्यापेक्षा एक जागा पाचदा पाहा

सहल म्हटली की बस, डबे, अंताक्षरी आणि परतल्यावर निबंध. त्यातून मुलांना आनंद मिळतो, आणि आनंदाला माझा विरोध नाही. पण पर्यावरणाचा अभ्यास होतो तो फेऱ्यांनी. कॉलेजपासून चालत जाता येईल असा खाडीचा एक तुकडा निवडायचा, दोरीने दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा आणि वर्षभर तिथेच जायचं.

आमच्या चौकोनात तिवरं होती, कडेला थोडी चिपी. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, ती मोजता येतात. पानाच्या मागे मिठाचे कण दिसतात, चाखता येतात. खेकड्यांची बिळं मोजता येतात. निवट्या चिखलात उड्या मारत असतात, त्या मोजता येत नाहीत, आणि का मोजता येत नाहीत यावर चर्चा करता येते.

पहिल्या फेरीत पोरं फोटो काढतात. दुसऱ्या फेरीत कंटाळतात. तिसऱ्या फेरीत भांडतात. एक म्हणतो, मागच्या वेळी इथे बिळं जास्त होती. दुसरा म्हणतो, नव्हती. असं भांडण लागलं की समजावं, अभ्यास सुरू झाला. कारण ते मिटवायला वही लागते, आणि वही लागते हे मुलांना आपणहून कळतं. त्यानंतर नोंदी करा म्हणून मागे लागावं लागत नाही.

३. हे आपल्याकडे नवीन नाही

मैदानी शिक्षण, परिसर शिक्षण अशी नावं घेऊन शिबिरं भरतात तेव्हा हे खूळ कुठून तरी बाहेरून आल्यासारखं वाटतं. आमच्या जिल्ह्यात तरी तसं समजू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारल्यांची मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात. दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच गुरांमागे नेली. कुरणात, झाडाखाली, जनावरांवर एक डोळा ठेवून शिकायचं. तिचं नाव कुरणशाळा. लहान भावंडांना सांभाळावं लागतं म्हणून मोठी मुलगी घरी अडकते, तर पाड्याच्या अंगणातच बालवाडी भरवली.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८४ साली पद्मश्री. सन्मान झाले, पण कुरणशाळेतली खरी गोष्ट आम्ही शिक्षकांनी फारशी उचलली नाही. साधन म्हणून तिथे बिया, पानं, दगड, काटक्या होत्या. मोजणी त्यांचीच, वर्गीकरण त्यांचंच. सरकारी खरेदीतलं प्रयोग साहित्य कपाटात कुलूपबंद असण्याच्या काळात मला या दोघींचा फार आधार वाटला. मुलाचा दिवस जिथे जातो तिथे शाळेने जावं, हा त्यांचा नियम आजही पुरतो. फरक इतकाच की आज तो दिवस बोईसर स्टेशनच्या पुलावर, एमआयडीसीच्या नाल्याकाठी किंवा सातपाटीच्या बंदरावरही जातो.

४. ज्याला येतं त्याला आधी बोलू द्या

पहिला पाऊस पडला की पालघरच्या बाजारात वारली बायका शेवळ्यांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळी ही सुरणाच्या कुळातली. नीट केली नाही तर घसा खाजतो. ती खाज मारायला भाजीत काकडाची आंबट फळं घालतात. काकडाचं झाड जंगलातलं, आणि त्याची फळं नेमकी शेवळ्यांच्याच दिवसांत मिळतात. दोन वनस्पतींचा हंगाम, एक रासायनिक गुण आणि त्यावरचा उतारा, एवढं सगळं त्या एका भाजीत आहे.

हा धडा मी कधीच शिकवला नाही. वर्गातल्या वारली मुली तो शिकवत. वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी फळ्यापाशी येऊन कोरल, लोत, कोळी, टाकळा, कुर्डू यांची यादी लिहायची. कोणती कुठे उगवते, किती दिवस कोवळी राहते आणि नंतर का खायची नाही, ते सांगायची. वसाहतीतली हुशार पोरं वहीत उतरवून घ्यायची. त्या तासानंतर वर्गातली उतरंड थोडी हलायची, आणि मला तेवढं पुरेसं असे. मांगेला मुलांनाही हीच संधी द्यायची. वारा कुठून आला की कोणती मासळी, पाण्याचा रंग बदलला की जाळं कुठे टाकायचं, हे त्यांच्या घरात रोजचं बोलणं असतं.

माझं काम त्यानंतरचं. मुलांच्या बोलीतलं नाव, मराठी पुस्तकातलं नाव आणि शास्त्रीय नाव एका ओळीत लिहायचं. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ त्यासाठी हाताशी असावा. प्रादेशिक नावांना किती महत्त्व द्यायचं, हे तो शिकवतो. एक पथ्य मात्र पाळायचं. औषधी मुळी कुठे मिळते, हे कुणी सांगू पाहत नसेल तर खोदून विचारायचं नाही. जी जागा जाहीर होते, ती पुढच्या वर्षी उकरलेली सापडते.

५. कंपासपेटीतली पट्टी पुरते

सातपाटीचं पापलेट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. २०२३ साली सरकारने चंदेरी पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केलं. त्याच वर्षी मासळीच्या ५४ प्रजातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरली. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८०. हे आकडे ऐकल्याबरोबर मला कंपासपेटी आठवली. तिच्यातली पट्टी १५ सेंटिमीटरची असते. पापलेट तिच्यात मावतं, बोंबलाला मोठी पट्टी लागते.

शिक्षकांनी मुलांना बाजारात न्यावं आणि टोपलीतली दहा पापलेटं मोजायला सांगावी. विकणाऱ्या मावशींची परवानगी आधी घ्यायची, आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत जायचं नाही. साडेतेरापेक्षा लहान किती निघाली? मग प्रश्न आपोआप येतात. लहान मासा पकडला की त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. मग तो पकडतात का? जाळ्याचे आस बारीक असतात म्हणून. आस बारीक का ठेवतात? डिझेलचा खर्च निघत नाही म्हणून. खर्च का निघत नाही? मासळी कमी झाली म्हणून. कमी का झाली? इथे मुलं स्वतःच थांबतात, कारण फिरून तिथेच आलेली असतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. ती बंदी पाळणारे आणि न पाळणारे, दोन्हींची मुलं तुमच्या वर्गात असू शकतात. नावं घेऊ देऊ नयेत. आकडे बोलू द्यावेत.

६. हिरवं दिसतं ते सगळं जंगल नव्हे

केळवे-शिरगावच्या किनाऱ्यावरची सुरूची बनं पर्यटकांना फार आवडतात. सुरू वाळू धरून ठेवतं, वारा अडवतं, त्याचं श्रेय त्याला द्यावं. पण हे झाड मूळचं इथलं नाही, लावलेलं आहे. मुलांना बनात नेऊन खाली बघायला सांगा. गळलेल्या काड्यांच्या गादीखालून किती जातींची रोपं वर आली आहेत? मग तिथून वाघोबा खिंडीतल्या किंवा काळदुर्गाच्या पायथ्याच्या जंगलात न्या आणि तेवढ्याच जागेत तेच मोजा. दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की जैवविविधतेची व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही.

हा फरक कळणं आमच्या भागात निकडीचं आहे. मालवाहू रेल्वे, मुंबई-वडोदरा महामार्ग, बुलेट ट्रेन, सगळ्यांचे पट्टे याच जिल्ह्यातून जातात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनं तोडणं हे जगण्याच्या मूलभूत हक्कावरचं आक्रमण मानलं. त्यानंतर २०२२च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाने सार्वजनिक हिताचा प्रकल्प म्हणून बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे, पालघरमधली सुमारे २२ हजार कांदळं तोडायला परवानगी दिली. अशा प्रत्येक परवानगीत बदल्यात झाडं लावण्याची अट असते. झाडाच्या बदल्यात झाड हा हिशेब सोपा वाटतो. ज्या मुलाने दहा मीटरच्या चौकोनात बिळं मोजली आहेत, तो विचारतो की खेकड्यांचं काय. हा प्रश्न विचारणारा नागरिक तयार झाला की शिक्षकाचं बरंचसं काम झालं.

७. बापाच्या नोकरीला वर्गात आरोपी करू नका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर पहिलं आलं. गुण ९३.६९. सत्तरच्या वर गेलं की क्षेत्र अतिप्रदूषित धरतात. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा कुणीतरी ‘पहिला नंबर!’ म्हणून टाळ्या वाजवल्या आणि सगळे हसले. हसू ओसरल्यावर लक्षात आलं, अर्ध्या वर्गाचं घर याच एमआयडीसीवर चालतं. आणि ज्यांचं घर मासळीवर चालतं, त्यांच्या गावापाशी, नवापूरला, या पट्ट्याचं सांडपाणी समुद्रात सोडलं जातं.

अशा वर्गात भाषण केलं तर एक बाजू शरमेने गप्प होते, दुसरी संतापते आणि शिकत कुणीच नाही. मी दोन गोष्टी करत असे. पहिली, सांडपाण्याचा प्रवास कागदावर काढायला लावायचा. कारखान्यातून सामूहिक प्रक्रिया केंद्र, तिथून वाहिनी, तिथून समुद्र. प्रत्येक टप्प्यावर काय चुकू शकतं? कारखान्यात काम करणाऱ्यांच्या मुलांना यातलं बरंच ठाऊक असतं, कारण रासायनिक वास घेऊन येणारे कपडे त्यांच्याच घरी धुतले जातात. तेही या साखळीतले पीडित आहेत, हे दुसऱ्या बाजूला तेव्हा दिसतं. दुसरी, दाद कशी मागतात ते दाखवायचं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, पाण्याचे नमुने तपासले गेले, समित्या आल्या आणि जानेवारी २०२२मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना भरपाई भरायला सांगितलं. पुढे अपिलं झाली. मच्छीमारांच्या संघटनेने हा लढा कागदावर लढवला, हे मुलांना कळलं पाहिजे.

अणुऊर्जा केंद्राबद्दलही हाच सूर ठेवावा. १९६९ साली तारापूरला देशातली पहिली अणुवीज तयार झाली, हा अभिमानाचा भाग. पुढच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, हा दुसरा भाग. दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगायच्या. एक आज आणि दुसरी पुढच्या आठवड्यात, असं केलं की मुलं एकच लक्षात ठेवतात.

८. श्रद्धेला हसू नका, तिचीही नोंद घ्या

पालघरहून मनोरला जाताना खिंडीत वाघोबाचं देऊळ लागतं. गाड्या थांबतात, हात जोडले जातात. पाड्यापाड्यांवर अशी ठाणी आहेत. कुठे लाकडावर कोरलेला वाघ, कुठे नुसता शेंदूर फासलेला दगड. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत फिरून संशोधकांनी अशा दीडशे ठाण्यांची नोंद केली आणि तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं ते असं: या भागात बिबट्या आणि माणूस शेजारी राहत आले, त्यात या देवाचा वाटा आहे. वाघबारशीला त्याचा मान दिला की तो गुरांना सांभाळतो, असा करार. बिबट्याने शेळी नेली तरी राग माणसाच्या मर्यादेत राहतो.

विज्ञानाच्या शिक्षकाने यावर काय म्हणावं? बिबट्या शेळी नेतो तो सोपी शिकार म्हणून, हे सांगावं. आणि ज्या गावात असा देव आहे तिथे बिबट्या दिसला म्हणून लगेच पिंजरा मागितला जातो का, हे मुलांना आजीला विचारून यायला सांगावं. श्रद्धा खरी की खोटी हा वाद वर्गात कधी संपत नाही. तिचा जमिनीवर परिणाम काय होतो, हा प्रश्न मात्र तपासता येतो.

९. सुखरूप परत आणणं हा अभ्यासक्रमाचाच भाग

थोडक्यात सांगते. पालकांची लेखी परवानगी घ्यावी. दहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि गावातला एक वाटाड्या असावा, त्याला मानधन द्यावं. खाडीच्या चिखलात बंद बूट घालावे, कारण तुटलेली काच आणि कालवांच्या कडा चपलेला जुमानत नाहीत. ओहोटीचा तळ गाठला की परतीला लागावं, पाणी चढायची वाट पाहू नये. पावसाळ्यात धबधब्याखाली कुणाला उभं राहू देऊ नये. एमआयडीसीच्या नाल्यातल्या पाण्याला हात लावू देऊ नये. नमुना हवा तर बाटली दोरीला बांधून सोडावी. एक अपघात झाला तर तालुक्यातल्या सगळ्या शाळांचं बाहेर पडणं थांबतं.

१०. तारीख नसलेली नोंद म्हणजे गप्पा

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. ‘निसर्गावर प्रेम करायला शिकवा’ असं शिक्षकांना सारखं सांगितलं जातं. आमच्या जिल्ह्यात प्रेमाची कमतरता नाही. कमतरता आहे ती कागदाची.

शेजारच्या डहाणू तालुक्याकडे बघा. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने तो पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. उद्योगांच्या जागेवर मर्यादा आली, तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा राखला गेला. अधिसूचनेची अंमलबजावणी व्हावी म्हणून लोक न्यायालयात गेले आणि १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. चिकूच्या बागा आणि खाड्या टिकल्या त्यात या कागदांचा हात मोठा. कुणीतरी अर्ज केले, पुरावे जोडले, तारखा लिहिल्या.

उलट उदाहरणही आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाने आपली जैवविविधता नोंदवही करायची होती. डॉ. माधव गाडगीळ यांच्यासारख्यांनी या कल्पनेसाठी आयुष्य घातलं. बरीच वर्षं ती कागदावरच राहिली. मग हरित लवादाने जानेवारी २०२०ची मुदत आणि दंडाची तंबी दिली, आणि देशभर नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. एका गावची यादी दुसऱ्या गावाला, नाव बदलून. आमच्या पर्यावरणाच्या जर्नलांचंच मोठं रूप. जिथे शाळेच्या मुलांनी खरोखर नोंदी ठेवल्या असत्या, तिथे ही वेळ आली नसती.

म्हणून माझ्या वर्गाचा नियम एकच होता. तारीख, तिथी, वेळ, ठिकाण, नोंद करणाऱ्याचं नाव, यातलं एक जरी नसेल तरी ती ओळ खोडायची. ‘खूप पक्षी दिसले’ चालणार नाही. किती, कोणते, कुठे बसले होते, काय करत होते? ओळखता आला नाही तर ‘ओळखला नाही’ असं लिहायचं आणि चोच, पाय, आकार काढून ठेवायचा. वह्या वर्षाच्या शेवटी रद्दीत जाऊ द्यायच्या नाहीत. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात, एक ग्रामपंचायतीत, आणि आता फोन आहेतच, तर पानांचे फोटो.

११. निकाल लागल्यावरही शिकवायचं असतं

वाढवणच्या बंदराचा प्रस्ताव पहिल्यांदा आला तेव्हा डहाणूच्या प्राधिकरणाने १९९८ साली तो नाकारला. त्याच प्राधिकरणाने २०२३च्या जुलैत नव्या प्रस्तावाला अटींसह मान्यता दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटींच्या वर. किनाऱ्यावरच्या गावांनी काळे झेंडे लावले, बंद पाळले. जिल्ह्यातल्या कितीतरी तरुणांनी नोकऱ्यांची आशा धरली. दोन्ही घरातली मुलं शिक्षकाला विचारतात: मॅडम, तुम्ही कुणाच्या बाजूने?

माझं मत मी लपवत नाही. तिथल्या खडकांवर आणि मासळीच्या प्रजननाच्या जागांवर भराव पडू नये असं मला वाटतं. पण हे मत मुलांच्या उत्तरपत्रिकेत यावं अशी अपेक्षा मी कधी ठेवली नाही. त्यांना सांगायचं ते असं की प्रकल्प मंजूर झाला तरी अटी संपत नाहीत. किती भराव, कुठली वाळू, मच्छीमारांना भरपाई कशी, पाण्याच्या गढूळपणावर देखरेख कोण ठेवणार? अटी पाळल्या जातात की नाही, हे आधीची स्थिती माहीत असलेल्यालाच सांगता येतं. त्यामुळे हरलेल्या लढाईनंतर वह्या बंद करायच्या नसतात. उलट तिथून त्यांची किंमत वाढते.

आणि सोळा वर्षांच्या मुलांना जगबुडीच्या गोष्टी सांगून घाबरवू नये. घाबरलेलं मूल भित्तिचित्र रंगवतं, ‘पृथ्वी वाचवा’ लिहितं आणि विषय विसरतं. मोजणारं मूल पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं म्हणतं.

१२. सुरुवात कुठून करायची

तरुण शिक्षक विचारतात, आमच्या गावात अभयारण्य नाही, मोठा किनारा नाही, कुठे जायचं? सर्वांत सुंदर जागा शोधण्यात वेळ घालवू नका. ग्रामपंचायतीत जा, तलाठ्याला भेटा, वर्तमानपत्रातल्या जनसुनावणीच्या सूचना वाचा. तुमच्या भागात कोणत्या जमिनीची मोजणी झाली आहे, कुठे खांब रोवले आहेत, कोणत्या ओढ्यावर पूल येणार आहे, कोणतं माळरान कुणाला ‘पडीक’ वाटतं आहे, याची यादी करा. त्यातली शाळेपासून सगळ्यात जवळची जागा निवडा.

जनसुनावणीला उठून बोलणारे पुष्कळ असतात. त्यांच्यापुढे प्रकल्पाचा अहवाल असतो आणि हातात काही नसतं. तीन वर्षांच्या तारखांसह, तिथींसह, मुलांच्या सह्यांची एक वही गावाच्या हातात असेल, तर अहवालात ‘या जागी विशेष जैवविविधता आढळली नाही’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी लिहिणाऱ्याला त्या गावात एकदा तरी यावं लागेल.